यशोधराबाईंची तक्रार

भांडणाला उभं राहण्याआधी यशोधराबाई मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात द्यायच्या. पडेगावच्या आमच्या वस्तीत त्या अंगणवाडीच्या सेविका आणि मी त्यांची मदतनीस. घड्याळ निघालं की शेजारच्या बायका हातातली भांडी टाकून बाहेर यायच्या. लोक म्हणायचे, बाई भांडखोर आहे. होत्याच! मला त्या तशाच आवडायच्या.

लेकरांना घरी खायला सरकारकडून पोषण आहाराची पाकिटं येतात. काही घरी ती सरळ बकऱ्यांपुढं जायची. तसं दिसलं की बाई बकऱ्यांपुढच्या टोपल्याला लाथ घालायच्या. "सरकारनं घास दिलाय. तोंडात घालायला बी सरकारच यायचं का रे?" एका बापानं सुनावलं, "पोरगं माझं हाय, तुमचं काय जातंय?" बाई म्हणाल्या, "पोरगं तुझं असंल. त्याचं वजन माझं हाय!"

वस्तीतल्या अंकुशची परी दोन वर्षांची होती. पायांवर सूज, रडायचंही त्राण नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, कुपोषित मुलांच्या वॉर्डात आजच भरती करा, नाहीतर पोरगी हाती लागणार नाही. तिच्या आईनं, सवितानं, तिथं सोबत राहायचं होतं. तेवढ्यावरून अंकुश अडून बसला. "ही तिकडं जाऊन बसली तर मला भाकर कोण थापणार?"

बाईंनी त्या दिवशी घड्याळ काढलं नाही. घरात शिरल्या, परीला उचललं आणि सविताला म्हणाल्या, "चल." अंकुशनं मागून कुदळीचा दांडा घातला. डोकं फुटलं. बाई मटकन खाली बसल्या, पोरीला पोटाशी धरून वाकल्या आणि पाठ त्याच्याकडं केली. तो मेला हाणतच राहिला. अख्खी गल्ली बघत उभी. मी आरडाओरडा ऐकून खिचडीवरून तशीच धावत आले होते. हातातलं लोखंडी उलथनं त्याच्या थोबाडावर ओढलं. त्याचा दात पडला म्हणतात. पडला तर पडला!

सविताला घेऊन आम्ही रिक्षात बसलो, तर रक्त बघून रिक्षावाला हबकला. "अम्मा, पहले तुमकू टाके डालना पडता."

"पहिलं पोरगी! सीट मी धुऊन देते, चल!" बाई ओरडल्या. वॉर्डातल्या खाटेवर ठेवेपर्यंत परीला त्यांनी कुणाच्याही हातात दिलं नाही. माझ्याही नाही.

टाके पडल्यावर हवालदार जबाब घ्यायला आला. बाई म्हणाल्या, "आत्ता नाय."

"उशीर केला तर केस कमजोर होईल, बाई."

"होऊ द्या. केस कमजोर चालंल, पोरगी नाय."

मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं, "मंगल, आज ह्याला आत टाकला तर ह्याची माय सविताला वॉर्डातून फरफटत आणंल, जामिनासाठी पळायला. पोरगी अर्धीच राहील."

परी वॉर्डात होती तोवर अंकुश चौकात मिशीला पीळ देत सांगत फिरला, बाईची टरकली. एकदा अंगणवाडीच्या दारावर दगडही घातला. लेकरं किंचाळली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड! बाई मात्र पट्टी बांधलेल्या डोक्यानं खिचडी वाढत राहिल्या. पाठीवरचे वळ इतके दुखायचे की त्यांना वाकता येत नव्हतं. राग यायचा मला त्यांचा.

अखेर सविता परीला घेऊन परतली. बाईंनी पोरीला वजनकाट्याच्या झोळीत घातलं. परीनं असं काही भोकाड पसरलं की गल्ली गोळा झाली. मागोमाग अंकुशही आला, कडेवर घेऊन मिरवायला. काटा बघून खुशीत म्हणाला, "बाई, मोठ्या मनाच्या हाव तुम्ही. झालं गेलं इसरा."

बाईंनी काटा नीट पाहिला. परीला झोळीतून काढून सविताच्या कडेवर दिलं, तिचे गाल पुसले. मग डोक्यावर पदर घेतला.

"मंगल, खिचडी उतरव," त्या म्हणाल्या. "आता ठाण्यात जाऊ."