‘आत्री’ म्हणायची सवय

वैमानिकाच्या परवान्यासाठी रेडिओवर बोलण्याची परीक्षा द्यावी लागते. तीत मी पहिल्यांदा नापास झाले, ते एका कानडी शब्दामुळे.

परीक्षक विमानतळाचा नियंत्रक झाला होता. जड हेडफोनमधल्या खरखरीतून त्याचा कोरडा आवाज आला: चार हजार फुटांवर या. वैमानिकाने ऐकलेली सूचना आकड्यासकट परत म्हणायची, असा नियम. मी म्हणाले, “आत्री.”

आत्री म्हणजे ‘बरं, झालं’. हुबळी-धारवाडच्या मराठी घरांतही हा शब्द दिवसभर तोंडी असतो. भाजीवाल्या अक्कांना आत्री, रिक्षावाल्या अण्णांना आत्री. ऐकू आलं नाही तरी आत्रीच. समोरच्याला पुन्हा बोलायला लावणं आम्हांला उद्धटपणाचं वाटतं.

“पुढच्या वेळी राहिलीस, तर शाळेतली नोकरी धरायची,” असं वडिलांनी, अप्पांनी, बजावलं, तेव्हा त्यालाही मी आत्री म्हणून बसले.

मग हुबळीच्या नवनगरमधल्या आमच्या घरात मला स्वस्थता मिळेना. विमानाची घरघर गच्चीवरून गेली, की हातातला चहा विसरून मी खिडकीशी धावे. कविता वाचत-लिहीत वाढलेली मी; ऐकलेलं जसंच्या तसं उच्चारणं तिथे दारिद्र्य. इथे, रेडिओवर, त्यावरच माणसांचे जीव तोललेले.

माझ्या सरावासाठी आई फोडणीच्या ठसक्यातून नियंत्रक होई. “दोन पोळ्या, डावीकडचा डबा.”

“दोन पोळ्या, डावीकडचा डबा.”

“लग्नाचं विचारलं की मात्र हिचा रेडिओ बंद,” अप्पा वर्तमानपत्राआडून म्हणत. कोर्टात वकिली करण्यात जन्म घालवलेला माणूस. साक्षीदार सोडत नसे.

दुसऱ्या परीक्षेत हेडफोनच्या गादीला कुणाच्या तरी केसांच्या तेलाचा वास होता. सूचना आली आणि नेमका आकडा खरखरीत बुडाला. तीन की पाच? जिभेवर आत्री तयार होतं, मऊ, सवयीचं. मी ते गिळलं.

“पुन्हा सांगा.”

परीक्षकाने सावकाश सांगितलं, मी अंक अंक परत केला.

निकाल अजून लागलेला नाही. आज सकाळी अप्पांनी चष्मा पुसत विचारलं, “नापास झालीस तर शाळा. ठरलंय ना?”

“तेव्हा मी न ऐकताच होकार दिला होता, अप्पा. नापास झाले तर तिसऱ्यांदा बसेन.”

आईचा झारा कढईत थांबला. अप्पांनी चष्मा चढवला.

“परत म्हण,” ते म्हणाले.

मी परत म्हटलं.