इंजिनाचे कान

एखादी वस्तू आपल्या हाताने घडवणं वेगळं, आणि कुठल्या तरी अनोळखी माणसाला घरबसल्या जोडता यावी म्हणून तिचे सुटे भाग करून डब्यात भरणं वेगळं. पहिलं काम माणूस हौसेने करतो. दुसऱ्या कामात हौस महिन्याभरातच आटते, मग नुसतं काम उरतं. खाणीवरच्या वाफेच्या इंजिनाच्या छोट्या प्रतिकृतीचा संच तयार करायला घेतला तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं असं बायको म्हणते, आणि तिच्याशी वाद घालण्याचं त्राण आता माझ्यात उरलेलं नाही.

मी तुमसरला मुलांना यंत्रांची ड्रॉइंग शिकवतो. घर सिहोऱ्याला. सकाळी एसटीने जायचं, संध्याकाळी एसटीने यायचं, हातपाय धुऊन चहा घ्यायचा आणि कॉम्प्युटर उघडून बसायचं, असं माझं दीड-दोन वर्षं चाललं. देशभर घरात मांडायच्या छोट्या रेल्वेचा नाद असलेली माणसं आहेत. त्यांच्या मोबाइलवरच्या गटात मीही आहे. त्यांतल्याच पुण्याच्या एका दुकानदाराने एकदा म्हटलं, की मोठ्या रेल्वेची इंजिनं सगळेच बनवतात, खाणी-कारखान्यांवरच्या लहान इंजिनांकडे कोणी पाहत नाही. तुमच्याकडे असं एखादं असेल तर संच बनवा, मी विकतो.

माझ्याकडे होतं. म्हणजे आता नव्हतं, पण होतं. तुमसरच्या पट्ट्यातल्या एका मँगनीजच्या खाणीवर माझे बाबा इंजिन चालवायचे. खनिजाने भरलेले डबे ओढून मोठ्या रुळापर्यंत न्यायचे आणि रिकामे परत आणायचे, एवढंच त्या इंजिनाचं आयुष्य. पुढे ट्रक आले, इंजिन शेडमध्ये गंजत पडलं आणि एक दिवस भंगारवाल्याने गॅसकटरने त्याचे तुकडे केले. ड्रॉइंग कुठेच मिळालं नाही. खाणीच्या ऑफिसात विचारलं तर तिथल्या बाबूने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या लग्नाची पत्रिका मागत होतो.

होता तो एक फोटो. इंजिनाच्या शेजारी बाबा ताठ उभे, एक हात पाण्याच्या टाकीवर. मी बाबांच्या उंचीवरून इंजिन मोजायचं ठरवलं. पण बाबा आता ऐंशीच्या पुढे गेलेले, पाठीतून वाकलेले. फोटोतला माणूस आणि खाटेवरचा माणूस यांच्यात चांगला वीतभर फरक. मग लक्षात आलं, की पाठ वाकते पण नडगी काही आखूड होत नाही. बाबांना खुर्चीत बसवलं आणि टेप घेऊन गुडघ्यापासून टाचेपर्यंत मोजलं.

बायको तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "बाबाले पँट शिवून राहिले का तुमी?"

"इंजिन शिवून राहिलो," मी म्हणालो.

त्या नडगीवरून फोटोचं प्रमाण काढलं, प्रमाणावरून चाकं, चाकांवरून बाकीचं. एका फुटाला सात मिलिमीटर धरून सगळं पुन्हा लहान केलं. फोटोत जे दिसत नव्हतं ते बाबांना विचारायचो. त्यांच्या उत्तरांचा काही उपयोग नसायचा. धुराडं केवढं होतं म्हटलं की ते दोन्ही हात पसरून दाखवायचे, आणि ते अंतर रोज वेगळं असायचं. टाकीच्या कडेला रिवेट किती, असं एकदा विचारलं.

"रिवेट कोणी मोजते का बे?" ते म्हणाले. "मी गाडी चालवाले जात होतो का रिवेट मोजाले?"

ते बरोबरच होतं. मी माझ्या अंदाजाने रिवेट टाकले.

हे सगळं आरामात चाललं असतं. पुण्याच्या दुकानदाराला घाई नव्हती आणि मला तर नव्हतीच. घाई आली ती बाबांच्या डोळ्यांमुळे. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेली तेवढी नजर गेली, उरली तेवढी थेंब घालून टिकवायची, असं ते म्हणाले. किती टिकेल ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. परतीच्या एसटीत बाबा खिडकीपाशी बसले होते. धानाच्या बांध्यांकडे पाहत होते की नुसते तोंड तिकडे करून बसले होते, कोण जाणे. वरठीच्या पुढे कुठेतरी ते म्हणाले, "नजर हाये तवर दाखव मले ते इंजन. मी तं आतच राहत होतो. बाहेरून कदी धड पायलंच नाई."

त्यांनी आयुष्यात माझ्याकडे फार काही मागितलेलं नाही. मी हो म्हणालो.

त्या दिवसापासून ते काम माझ्या मानगुटीवर बसलं. अशा संचाचे भाग पितळेच्या पातळ पत्र्यात आम्लाने कोरून घेतात. कोरून देणारा कारखाना दुसऱ्या राज्यात. आपलं ड्रॉइंग पाठवायचं आणि वाट पाहायची, कारण बरीच गिऱ्हाइकं जमून मोठा पत्रा भरल्याशिवाय ते काम लावत नाहीत. पहिला पत्रा आला तेव्हा छप्पर बसेना, मी पत्र्याची जाडी धरायला विसरलो होतो. दुसऱ्यात छप्पर बसलं, पण चाकं टाकीला घासू लागली. दर वेळी पार्सल आलं की बाबा विचारायचे, "झालं का?" आणि मी म्हणायचो, "होऊन राहिलं." पुढे पुढे ते विचारणंही त्यांनी सोडलं. मला वाटलं, कंटाळले असतील. मीही कंटाळलो होतो. वर्गात फळ्यासमोर उभ्या उभ्या मला जांभया यायच्या आणि मुलं हसायची.

तिसरा पत्रा बरोबर आला. प्रत्येक तुकड्याच्या कडेला बारीक कान ठेवले होते. हा कान शेजारच्या तुकड्याच्या खाचेत घालायचा, म्हणजे दोन्ही तुकडे आपोआप काटकोनात उभे राहतात आणि मग डाख देऊन, म्हणजे मऊ धातू वितळवून, सांधा पक्का करायचा. संचाचा सगळा जीव या कानांत असतो. ते असले तर कोणीही इंजिन जोडू शकतो, नसले तर ती नुसती पितळी पत्र्याची कात्रणं. मी एकेक कान भिंगाखाली तपासला. त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटलं.

राहिलं होतं धुराडं आणि बॉयलरवरचा घुमट. हे भाग गोल, पत्र्यात कोरून होत नाहीत. ते भंडाऱ्याच्या एका कासाराकडून ओतून घ्यायचे ठरले. तीन-चार पिढ्या पितळेची भांडी घडवणारं घर. आता गिऱ्हाईक स्टीलकडे गेलं, तरी भट्टी चालू होती. बॉयलरच्या गोलाईवर धुराड्याचा तळ नीट बसतो की नाही ते त्याला पाहता यावं म्हणून कोरलेले तुकडे मी त्याच्याकडेच ठेवून आलो, पुठ्ठ्याच्या डब्यात, सगळेच्या सगळे.

पुढच्या रविवारी गेलो. धुराडं फार सुरेख झालं होतं. घुमटही. कासाराने डबा उघडून माझ्यापुढे सरकवला.

"सर, तुमचा पत्रा लय धारवाला होता," तो म्हणाला. "कडेले सगळे काटे निंगून राहिले होते. घासून टाकले."

"कोणते काटे?"

"हे बारीक बारीक. हाताले टोचत होते."

मी एक तुकडा उचलला. मग दुसरा. मग सगळा डबा चटईवर उलटा केला. एकही कान उरला नव्हता. छपराचे, टाकीचे, चाकांच्या चौकटीचे, सगळ्या कडा लोण्यासारख्या मऊ. त्याने आणि त्याच्या बायकोने दुपारभर बसून कानस मारली होती आणि वर बारीक कागदाने गुळगुळीत केलं होतं. वाईट काम नव्हतं ते. अतिशय चांगलं काम होतं.

"भाऊ, ते काटे नव्हते. कान होते. त्याच्यावरच तर सगळं उभं राहतं."

त्याने एक तुकडा उचलून कडेवरून बोट फिरवलं. बायकोकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "आमच्या घरून धारवालं भांडं बाहेर जात नाई, सर. घासताना बाईचा हात चिरते."

मला ओरडायचं होतं. खरंच ओरडायचं होतं, इतक्या महिन्यांचा राग त्या एका माणसावर काढायचा होता. पण ओरडायलाही अंगात काही लागतं. मी तिथेच चटईवर बसलो. नवा पत्रा मागवायचा म्हणजे पुन्हा ड्रॉइंग, पुन्हा वाट, पुन्हा पार्सल. एवढे दिवस आता माझ्याजवळ नव्हते. गेल्या खेपेला डॉक्टरांनी बाबांच्या डोळ्यांत टॉर्च मारून पाहिलं, आणि थेंब बदलून दिले, आणि माझ्याशी बोलताना नजर चिठ्ठीवरच ठेवली होती.

कासाराने चहा मागवला. आपला चहा संपल्यावर तो म्हणाला, "बांधून घेऊ का?"

भांड्याला कडी किंवा तोटी बसवताना ते लोक ती आधी लोखंडाच्या तारेने आवळून बांधतात, मग डाख देतात. डाख पितळेला धरतो, लोखंडी तारेला धरत नाही. थंड झाल्यावर तार कापून काढायची. मी कान ठेवून जे करणार होतो ते तो तारेने करू म्हणत होता. अशाने माझा संच होणार नव्हता. तारेने बांधून जोडायचं काम अनोळखी गिऱ्हाइकाला जमणारं नाही. पण एक इंजिन होणार होतं, आणि बाबांना एकच तर हवं होतं.

पुढचे काही रविवार आम्ही त्याच्या भट्टीजवळ काढले. मी तुकडे काटकोनात धरायचो, तो तार आवळायचा. त्याची बायको डाख धरावा म्हणून सांध्यांना सुहागा लावून द्यायची आणि आमच्या दोघांच्या बोटांकडे पाहून म्हणायची, "एवढुसं इंजन आन् दोन दोन माणसं." टाकी केसभर तिरपी बसली. एका बाजूचं छप्पर किंचित वर राहिलं. पुण्याच्या दुकानदाराने ते पाहिलं असतं तर माझा नंबर खोडून टाकला असता. शेवटच्या रविवारी दुपारी चाकं बसवली, चटईवर ठेवून ढकललं, आणि ते चाललं. कासार हसला. मला हसू आलं नाही, डोळे भरून आले, आणि धुराचं निमित्त करून मी ते पुसले.

मी सरळ एसटी स्टँड गाठला. इंजिन रुमालात गुंडाळून मांडीवर धरलं होतं. तुमसरला गाडी बदलली, दोन्ही गाड्यांत डुलक्या काढल्या, आणि डुलकीतही हात रुमालावरून हलू दिला नाही.

घरी पोचलो तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. बाबा खाटेवर बसले होते. मी समोर जाऊन उभा राहिलो तर म्हणाले, "कोण?" मी म्हटलं, "मी आहो बाबा. इंजन आणलं." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मी रुमाल सोडून इंजिन त्यांच्या ओंजळीत ठेवलं.

त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं. लांब धरलं. पुन्हा जवळ नेलं. मग अंगठ्याने धुराडं चाचपलं, छप्पर चाचपलं, आत बोट घालता येतं का ते पाहिलं.

"दिसते का बाबा?" मी विचारलं.

"हाव. काहून नाई दिसन?" ते म्हणाले. टाकीवरून तळवा फिरवला. मग म्हणाले, "काळा रंग बेस देला. असाच काळा होता."

इंजिनाला रंग लावलेलाच नव्हता. वाळायला दिवस जातात म्हणून मी ते तसंच उघडं पितळ घेऊन आलो होतो, आणि निघताना कासाराच्या बायकोने त्याला चिंच लावून उजळून दिलं होतं. त्या उन्हात ते पिवळंधमक दिसत होतं. बायको दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली.

मला उशीर झाला होता. किती, ते ठाऊक नाही. महिन्याभराचा असेल, पावसाळाभराचा असेल. त्यांनी विचारणं का सोडलं होतं ते तेव्हा कळलं, आणि मी त्यांच्याजवळ खाटेवर बसलो.

"रंगाचे दोन हात मारले, बाबा," मी म्हणालो.

"मंग बराबर," ते म्हणाले. त्यांनी इंजिन मांडीवर ठेवलं, चाचपत माझा हात शोधला आणि त्यावर आपला हात ठेवला. "पायलं मी. झालं तुहं काम. आता जराशी झोप घेत जाय."