विहिरीचे मासे आणि अक्कांचं पाणी

कॉलेजची प्रयोगशाळा दुरुस्तीला निघाली, तेव्हा मी माझ्या पीएचडीचे गप्पी मासे उचलून जळगावातल्या माझ्या भाड्याच्या खोलीमागे, पडवीत आणून ठेवले. गप्पी म्हणजे डासांच्या अळ्या खायला नाल्या-विहिरींत सोडतात ते, बोटाच्या पेराएवढे. एका टाकीत कारखान्यांमागच्या नाल्यातल्या माशांची पिल्लं, दुसरीत सावद्याकडच्या केळीबागेतल्या विहिरीतल्यांची. तांबं मिसळलेल्या पाण्यात नाल्यातले मजेत जगतात, विहिरीतले पटापट मरतात. हा चिवटपणा जन्मजात, की त्या पाण्यात राहून अंगवळणी पडलेला? एवढंच मला शोधायचं होतं. म्हणून सगळी पिल्लं स्वच्छ पाण्यात वाढवली आणि मग मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालून चाचणी घेतली.

एकही मेला नाही! ना नाल्याचा, ना विहिरीचा. माझी सगळी मेहनत मातीत, आणि हे आपले शेपट्या हलवत फिरतायत! माझे गाईड सर म्हणाले, "बाई, मासे पुरे झाले. आता टाकीतलं पाणी तपासा."

तपासलं. टाक्यांत आधीपासूनच तांबं होतं. थोडंसं, पण होतं.

घरमालकीण अक्कांना विचारलं, तर त्यांनी आपल्या अहिराणीत कौतुकानं सांगितलं. उन्हानं टाक्या रोज दोन बोटं आटायच्या आणि मी दिवसभर कॉलेजात. म्हणून त्या रोज सकाळी तांब्याच्या हंड्यातलं पाणी त्यांत ओतायच्या. "तांबानं पानी शे व माय, पोटले चांगलं ऱ्हास! तुले बी तेच देस ना मी?"

माझं डोकंच फिरलं. "कुणी सांगितला होता हा उपद्व्याप?" मी ओरडले. अक्का हंडा उचलून आत गेल्या. दोन दिवस चहा आला नाही. वाईट वाटत होतं, पण राग काही उतरेना.

सर मात्र हसत सुटले. "अहो, विहिरीचे मासे थोड्या तांब्यात वाढून चिवट झाले, हे तुम्हाला आयतंच कळलं! आता नवी पिल्लं घ्या. विहिरीच्यांच्या दोन टाक्या करा. एकीत हंड्याचं पाणी, दुसरीत नळाचं. नाल्याची पिल्लं नुसत्या नळाच्या पाण्यावर. मग रक्तातलं किती आणि पाण्यातलं किती, ते वेगळं निघेल."

हंडा अक्कांचा! गेले झक मारत. "अक्का, चुकलं माझं." त्यांनी मेथी निवडत ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून हंडा सुरू झाला, आणि चहाही.

पिल्लं मोठी झाली. चाचणीच्या सकाळी अक्का टाक्यांपाशी येऊन उभ्या राहिल्या. "आते बठ्ठा मरतीन का?"

"सगळे नाही, अक्का. नाल्याचे जगतील बहुतेक. तुमच्या पाण्यावरचेही जगतील. हे नळाच्या पाण्यातले विहिरीचे आहेत ना, ते मरतील."

अक्का वाकून त्या टाकीत बघत राहिल्या.

"मंग त्यास्लेबी दे ना व हंडानं पानी. मी भरी देस."

त्यांना ते द्यायचं नाही, यावरच तर माझा सगळा अभ्यास उभा होता. मी हातातली मोरचुदाची बाटली अक्कांना दिसू नये म्हणून पाठीमागे धरली.