टेन्शनर कोणी बसवला

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, ज्या मित्राबरोबर रोज पानठेल्यावर उभा राहतो त्यालाही नाही. तुम्हाला सांगायला बसलोय — आणि बघा, आधी आठवतो तो आनंदच. त्या रविवारचा. अजूनही तो दिवस आठवला की बोटं शिवशिवतात. लाज मागून येते.

मोहाडीत आमचं घर. बाबा धानाचे व्यापारी, जुन्या डिझेल गाडीतून गावोगाव फिरायचे. त्या महिन्यात गाडी सुरू केली की पुढून अशी किंचाळायची, की शेजारचं कुत्रं उठून बसायचं. मेकॅनिकनं नुसतं ऐकून सांगितलं — इंजिनवरचा बेल्ट गेला, आणि त्याला ताणून धरणारा टेन्शनरही. दोन्ही बदला. मी तेवीस वर्षांचा, बी.ए. होऊन घरी बसलेला. म्हणालो, घरीच करतो. का म्हणालो? बाबांनी एकदा तरी माझ्याकडे बघून मान डोलवावी म्हणून. दुसरं काय असणार?

भंडाऱ्याहून नवा बेल्ट आणि टेन्शनर मी आणला. पण मोबाइलवरचे व्हिडिओ चार-चारदा पाहिले ते सुषमानं. सुषमा माझी धाकटी बहीण, नुकतीच बारावी झालेली. बाबा सकाळी बाजाराला गेले आणि आम्ही दोघं भिडलो. बॅटरीची तार काढली, जॅक लावून उजवं चाक उतरवलं, गाडीखाली लाकडी ठोकळा सरकवला. मी बेल्टला हात घालणार तोच ती म्हणाली, थांब. अंगणातल्या फरशीवर तिनं खडूनं इंजिनवरचं एकेक छोटं चाक रेखाटलं आणि त्यांच्यावरून बेल्ट कुठून कसा वळतो ते आखलं. मी हसलो. कशाला हवं ते, दिसतंय की समोर.

मग पाना लावून टेन्शनरवर जोर दिला — आणि ती स्प्रिंग हळूच मागे सरली, बेल्ट सैल पडला, हातात आला! काय सांगू तुम्हाला. इंजिनवरची सगळी चाकं ज्याच्या जोरावर फिरत होती ते असं लोंबत होतं माझ्या हातात, आतून तडकलेलं, उन्हाळ्यात पाणी आटलेल्या बोडीच्या तळासारखं. सुषमानं जुन्या टेन्शनरचं चाक बोटानं फिरवून माझ्या कानाशी धरलं. खरखर, खरखर. "ऐक दादा. हे ओरडून राहिलं होतं." तिचे डोळे असे चमकत होते, जणू तिनं चोर पकडलाय.

नवा टेन्शनर बसवायला मी घेतला. बोल्ट लावला, आवळायला लागलो. तो तिरपा बसत होता. मी आणखी जोर केला.

"काहून एवढा जोर लावून राहिला?" ती म्हणाली. "त्याच्या मागं खुंटी आहे. ते भोकात बसलीच नाही."

"तुले लय समजते का?" मी म्हणालो, आणि पाना टाकून सरळ पानठेल्यावर गेलो. मनात ठरवलं होतं, मेकॅनिकला बोलवायचं. अर्ध्या तासानं परतलो तर टेन्शनर सरळ बसलेला, खडूच्या रेघांप्रमाणे बेल्ट चढवलेला, आणि ती टॉर्च धरून एकेका चाकावरून बोट फिरवत होती — बेल्टची प्रत्येक धार खाचेत आहे ना, म्हणून. गाडीचं चाक आम्ही दोघांनी लावलं, बॅटरीची तार जोडली. किल्ली मी फिरवली.

किंचाळणं नाही. खरखर नाही. नुसता इंजिनचा जाड, भरलेला आवाज. मी एसी लावला, तर गार वारा. सुषमानं माझ्या पाठीवर काळ्या हाताची थाप मारली, आणि आम्ही वेड्यासारखे हसत राहिलो. आई पदराला हात पुसत बाहेर आली तर तिलाही आम्ही गार वाऱ्यात बसवलं.

बाबा आले. गाडी घेऊन तहसीलपर्यंत एक चक्कर मारून आले. उतरले, बॉनेटवर हात ठेवला. "कोणं बसवला रे टेन्शनर?"

सुषमा नळाशी हात धूत होती. आई आत गेली होती.

"मी," मी म्हणालो.

सुषमानं वर पाहिलं, मग पुन्हा हात घासायला लागली. आणि बाबांनी मान डोलवली.

आता तुम्ही म्हणाल, एवढंच ना? भाऊ-बहिणीत असं चालतं. चाललंच असतं. पण मी अजून तिथवर आलोच नाही — घुटमळतोय.

आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या कोर्सचा फॉर्म सुषमानं आणून ठेवला होता. आठ दिवस तो फळीवर पडून होता, कारण त्यावर बाबांची सही लागायची आणि बाबा म्हणायचे, हे पोरीचं काम नाही. दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. त्याच रविवारी दुपारी सुषमा आईबरोबर मावशीकडे गेलेली. बाबा जेवून खुशीत बसले होते. त्यांनी तो फॉर्म फळीवरून काढला, पेनचं टोपण काढलं, आणि मला बोलावलं.

"आज तुह्यासंग होती ते. जमन का तिले? तू म्हणशीन त करतो सही."

किती सोपं होतं? बाबा, टेन्शनर तिनं बसवला — चार शब्द. पण मग सकाळचा 'मी' खोटा पडला असता. आणि फक्त तेवढंच नाही, हेही सांगून टाकतो — मला ती मान तिच्यासाठी डोललेली बघायची नव्हती.

"नाही जमन, बाबा," मी म्हणालो. "जड काम आहे. पाना बी धरता येत नाही तिले."

बाबांनी टोपण लावलं.

संध्याकाळी तिनं विचारलं तेव्हा ते फक्त 'नाही' म्हणाले. माझं नाव घेतलं नाही. ती महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही, माझ्याशी मात्र बोलत होती. पुढच्या वर्षी बाबांनी मला रस्त्यालगत शेड बांधून दिली. माझं गॅरेज चांगलं चालतं. सुषमा लग्न होऊन गोसीखुर्द धरणाकडच्या एका पुनर्वसनाच्या गावात गेली. तिथं ती कपडे शिवते, आणि गावातल्या शिलाई मशिनी, पाण्याच्या मोटारी बिघडल्या की लोक तिच्याकडे आणतात.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली. शेवटपर्यंत ते पाहुण्यांना सांगत, पोरानं घरीच बेल्ट बदलला होता.

मागच्या महिन्यात सुषमा आली होती. गॅरेजमध्ये चहा घेत उघड्या इंजिनात डोकावून पाहत होती. म्हणाली, "बाबानं तेवढी एक सही केली असती त. पोरीवर भरवसाच नव्हता त्यायले."

मी माझा चहा संपवला. कप विसळला.

"हो," मी म्हणालो. "बाबा तसेच होते."