हा साचा कुणी केला?

साचेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी कप उलटा करून बघत. कपात चहा असला तरी त्यांना फरक पडत नसे. इथे कॅनडात मिल्टनला मी घर घेतलं तेव्हा, वास्तुशांतीच्या दिवशीच, तळाचं नाव वाचायला त्यांनी कप तिरपा केला आणि माझ्या नव्याकोऱ्या कार्पेटला चहाचा अभिषेक झाला. काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, निदान संपवून तरी बघा!" काका म्हणाले, "वस्तूलाही आईबाप असतात. त्यांचं नाव विचारल्याशिवाय तोंड लावू नये."

मूळचे ते सांगलीकडचे डायमेकर, म्हणजे कारखान्यासाठी धातूचे साचे घडवणारे. उभी हयात मिल्टनजवळच्या, कॅनडातल्याच केंब्रिजच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. गणपतीच्या आधी मराठी मंडळातल्या बायकांना ॲल्युमिनियमचे मोदकाचे साचे करून देत, म्हणून साचेकाका. कॉलेजात असताना मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचे, माझा साचा तेव्हाचा. त्याचे दोन भाग जिथे एकमेकांना चिकटतात तिथे आतून केसाएवढ्या तिरक्या रेघा आहेत. "हवेला वाट ठेवावी लागते, सोनल," ते सांगायचे. "नाही ठेवली तर आतला माल बिघडतो. मग मालाला दोष देऊन उपयोग नाही."

साच्याच्या बाबतीत त्यांना हे कळत होतं, पोटच्या मुलाच्या बाबतीत नाही. मंदारने इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडलं, शिकारीचं लायसन्स काढलं आणि उत्तरेकडे जंगलात शिकाऱ्यांना वाट दाखवायचं काम धरलं. काका संतापून म्हणाले, "पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस." आयुष्यात बापाचं एकच वाक्य त्या पोराने तंतोतंत पाळलं. त्याने नंबर बदलला. पोलीस म्हणाले, सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने गेलाय, आम्ही काय करणार? मंडळात कुणी विचारलं की काका म्हणत, "व्हँकुव्हरला असतो, फार बिझी असतो." तेवढ्यात काकूंना स्वयंपाकघरात काहीतरी काम निघे.

एके दिवशी काकांचा फोन आला. "सोनल, ये. आत्ता ये." गराज सेलमधून, म्हणजे कुणीतरी घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं तिथून, त्यांनी एक जुनी वस्तू आणली होती. सांडशीसारखे लाकडी दांडे आणि पुढे दोन लोखंडी ठोकळे. ठोकळे मिटले की आत बंदुकीच्या गोळीएवढी पोकळी राहते, तिच्यात वितळलेलं शिसं ओतायचं. जुन्या रायफली बाळगणारे शिकारी अशा गोळ्या घरीच ओततात. एरवी त्यावर कंपनीचं नाव किंवा निदान नंबर असतो. इथे काहीच नव्हतं. काकांनी ठोकळे उघडून माझ्यापुढे धरले. आत केसाएवढ्या तिरक्या रेघा होत्या.

"या रेघा मी जन्मात फक्त एकाला शिकवल्या," ते म्हणाले.

म्हणजे मंदार कुठेतरी साचे करतोय, विकतोय! ज्याने त्याच्याकडून घेतला तो सापडला की मंदार सापडलाच. काकूंनी त्याच संध्याकाळी देवापुढे साखर ठेवली.

मोतीबिंदूमुळे काकांचं ड्रायव्हिंग सुटलं होतं, तेव्हा सारथ्य माझ्याकडे. हिवाळाभर जिथे जुन्या बंदुकांचा बाजार भरेल तिथे आम्ही हजर. गावोगावच्या हॉकी अरेना, म्हणजे बर्फावरच्या हॉकीची बंदिस्त मैदानं, टेबलांवर रायफली, सुरे, कातडी आणि त्या दाढीवाल्यांच्या गर्दीत कानटोपी घातलेले आमचे काका. साचा टेबलावर ठेवून ते विचारत, "हू मेड धिस?" एक म्हणे अमेरिकन, दुसरा म्हणे ब्रिटिश, तिसरा म्हणे कुण्या शेतकऱ्याने शेडमध्ये बसून केलाय. काका सगळं मन लावून ऐकत. मग भाजी घेऊन झाल्यावर कोथिंबीर मागावी तसं जाता जाता विचारत, "एनी यंग इंडियन फेलो कम्स हिअर?"

मी त्यांची बाही ओढायचे. "काका, आधी मंदारचं विचारा ना! फोटो दाखवू का?"

"असं एकदम विचारत नाहीत," म्हणत ते पुढच्या टेबलाकडे वळायचे.

फेब्रुवारीत एका गावी टेबलामागचा पांढऱ्या दाढीचा म्हातारा काकांना बघून ओरडलाच. वॉल्टर, त्यांचा टूलरूममधला जुना सोबती. त्याने मिठी मारली, साचा हातात घेतला आणि खो खो हसला. अरे, हा तर तूच मला करून दिला होतास, हरणांच्या शिकारीच्या सीझनआधी! घर बदलताना जुन्या सामानाबरोबर गेला बघ.

हातात होता तो एकुलता एक धागा तुटला होता. मी काकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ते वॉल्टरला म्हणाले, "एनी यंग इंडियन फेलो कम्स हिअर?" वॉल्टरने नकारार्थी मान हलवली.

गाडीत बसल्यावर माझा तोल सुटला. "काका, स्वतःच्या हातचं काम ओळखता आलं नाही तुम्हाला?"

"बघताक्षणी ओळखलं."

"मग हा सगळा खटाटोप कशाला?"

त्यांनी चष्मा काढून मफलरने पुसला. "हा साचा कुणी केला, असं कुणालाही विचारता येतं गं. माझा मुलगा पाहिलात का, असं कसं विचारायचं? लोक पुढे विचारतील ना, का गेला म्हणून."

मला किल्ली फिरवता येईना. बाहेर बर्फ पडत होता आणि आम्ही दोघं गाडीत बसून रडलो. मग नाक पुसून काका म्हणाले, "पुढच्या रविवारी कुठे आहे गं शो?"

या जानेवारीत काका गेले. मंदारला हे अजून माहीत नाही. काकूंनी अस्थिविसर्जन थांबवून ठेवलंय. "त्याच्या हातूनच होईल," एवढंच म्हणतात. कलश देवघराशेजारी आहे. जाण्याआधी काकांनी साचा माझ्या हातात दिला होता.

परवा एका अरेनात मी तो टेबलावर ठेवला. विक्रेत्याने उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, कुणी केलाय ते हवंय का?

"ते मला माहीत आहे," मी म्हटलं. "ज्यांनी केला ते वारले. मला त्यांचा मुलगा हवाय." आणि मंदारचा फोटो पुढे केला.

मंदार का गेला, असं त्याने विचारलंच नाही. फोटो निरखून पाहिला, हळूच नकारार्थी मान हलवली.

मी साचा उचलला आणि पुढच्या टेबलापाशी गेले.