बायोडाट्याच्या जागी गेलेलं कार्ड

तमाम वधूपिते, मध्यस्थ आणि विवाहोत्सुक मंडळींना या जाहीर निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की माझ्या सख्ख्या मेव्हण्याचा बायोडाटा म्हणून मोशीतल्या एका सभ्य घरी जो कागद पोचला, तो बायोडाटा नव्हता. ते पैलवानाचं कार्ड होतं. ते मी बनवलं, मीच पाठवलं, आणि ते मोठ्याने वाचलं जात होतं तेव्हा मी समोरच्या सोफ्यावर पोह्यांची बशी धरून बसलो होतो. या प्रकरणी दुसऱ्या कुणालाही जबाबदार धरू नये. माझ्या बायकोने धरलेलं नाही.

थेरगावात डांगे चौकाजवळ माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा मी माझी स्वतःची कार्डं बनवतो. माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल, शाळेसमोरच्या दुकानात परदेशी पैलवानांच्या कार्डांचा कॅट मिळायचा. वर फोटो, खाली रँक, उंची, वजन, छाती, लढलेल्या लढती, जिंकलेल्या लढती. आपण म्हणायचं, ‘छाती’. समोरच्याची कमी निघाली की त्याचं कार्ड आपलं. माझा अख्खा कॅट आईने एका परीक्षेच्या आधी बंबात घातला. त्यावर अंघोळ मात्र मलाच करावी लागली.

पन्नाशी जवळ आली तेव्हा मी तो कॅट पुन्हा जमवायचं ठरवलं, फक्त पैलवान घरचे घेतले. काडेपेटीवर असायची तशी लाल-पिवळी चौकट, मागे सूर्याचे किरण, आणि चेहरे हाताने रंगवलेल्या जुन्या सिनेमाच्या पोस्टरसारखे, एक गाल गुलाबी आणि एक निळा. जाड आर्ट कार्ड, वर मॅट लॅमिनेशन, कोपरे गोल. रंग जरा विटका ठेवायचा आणि छपाई केसभर सरकलेली दाखवायची, म्हणजे जुनं वाटतं. हीच चूक गिऱ्हाइकाच्या पत्रिकेत झाली तर दुकानासमोर भांडण होतं. इथे ती मुद्दाम, जीव लावून करावी लागते. बायकोला मी रँक एक दिली. ते कार्ड नंतर तिच्या कपाटाच्या आरशात खोचलेलं सापडलं. मेव्हण्याला रंगवलं डोक्यावर कंपनीचं हेल्मेट, कमरेला सोनेरी पट्टा, आणि खांद्यावर गदेसारखा मापं घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर. तो पोट धरून हसला होता. म्हणाला, कंपनीत लॉकरवर लावतो.

हा मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मूळचा धाराशिवकडचा, चाकणच्या एका कंपनीत सीएनसी मशीनवर सेटर, आमच्याकडेच राहतो. वय चौतीस. तीन वर्षं त्याच्यासाठी स्थळं बघणं चाललेलं. कुठे शिफ्ट आडवी आली, कुठे स्वतःचा फ्लॅट नाही म्हणून अडलं, आणि एका ठिकाणी काही कारणच दिलं नाही, ते त्याला सगळ्यात जास्त लागलं. मोशीचं स्थळ आलं तेव्हा त्याने बुटाची लेस बांधता बांधता बहिणीला सांगितलं, की हे शेवटचं. यानंतर आपण बघायला जायचं नाही, कुणी नाव काढायचं नाही. माझ्या बायकोने ऐकूच आलं नाही असं दाखवून मिक्सर सुरू केला. मिक्सरमध्ये काहीही नव्हतं.

मध्यस्थ मोशीचे जुने रहिवासी, माझ्याकडून जत्रेचे फ्लेक्स नेणारे. त्यांनी बायोडाटा मागितला तेव्हा दुकानात पाच गिऱ्हाइकं उभी होती. आता आमच्या धंद्यात फाइलींना नाव देण्याची एक पद्धत आहे. पहिली फाइल ‘फायनल’. मग बदल येतात, मग ‘फायनल दोन’, मग ‘फायनल नक्की’. माझ्या संगणकात ‘मेव्हणा फायनल’ हा बायोडाटा होता आणि ‘मेव्हणा फायनल नक्की’ हे कार्ड. मी अर्थातच नक्की असलेली पाठवली.

रविवारी निघताना मेव्हणा मला बाजूला घेऊन म्हणाला, “दाजी, आज तुम्ही जरा कमी बोला.” त्याने शिफ्ट बदलून घेतली होती आणि एकाच शर्टाला दोनदा इस्त्री केली होती. मी शब्द दिला.

सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट. मुलीचे वडील एका कारखान्याच्या इन्स्पेक्शन विभागातून निवृत्त झालेले. मुलगी चाकणलाच दुसऱ्या कंपनीत डिस्पॅच सांभाळते, ती आईशेजारी खुर्चीत बसलेली. मध्यस्थांनी मोशी-चाकण रस्त्यावरच्या गर्दीचा विषय काढला, आणि मी मुलीचं शिक्षण पुन्हा बघून घ्यावं म्हणून फोनवर मध्यस्थांशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. तिथे मला मेव्हणा दिसला. पट्ट्यासकट. खाली दोन निळ्या खुणा. सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत संपून दोन दिवस झालेले, आता ते फक्त माझ्यापुरतं डिलीट होणार होतं. मी बायकोला डोळ्यांनी खुणावलं. तिला वाटलं मला आणखी पोहे हवेत. तिने मान हलवून नाही म्हटलं.

तेवढ्यात वडिलांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. रंगीत प्रिंट मारून आणली होती. ती टीपॉयवर ठेवून हाताने सरळ केली आणि चष्मा लावून, मशीनवरून आलेला जॉब ड्रॉइंगशी ताडून बघावा तशी वाचायला घेतली.

उंची पाच सहा. त्यांनी मेव्हण्याकडे पाहिलं. वजन एक्क्याऐंशी. पुन्हा पाहिलं. छाती अडतीस, कंसात ‘श्वास रोखून’. मुलीच्या आईने चहाचा ट्रे जागीच धरून ठेवला. मी पोह्यांतले शेंगदाणे एका बाजूला लावत होतो.

उंची, वजन हे बायोडाट्यातही असतंच, त्यामुळे त्या माणसाला पटकन शंका घेता येईना. आजकाल असंच करतात का, एवढंच त्यांनी विचारलं. मध्यस्थ फार मोठ्या मनाचे. त्यांनी न बघताच पुढे पाठवलेलं, त्यांनाही आत्ताच कळत होतं, तरी म्हणाले, “व्हय तर. आता असंच निघालंय. माझ्या पुतण्याचं बी असंच व्हतं.”

वडील पुढे वाचू लागले. खास डाव, रात्रपाळीनंतर उभ्या उभ्या झोपणे. कमजोरी, थोरल्या बहिणीची हाक. इथे थोरल्या बहिणीची नखं माझ्या दंडात गेली. मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

“लढलेल्या लढती अकरा. जिंकलेल्या शून्य. हे काय आहे?”

“कुस्त्या आसतील,” मध्यस्थ म्हणाले. “गडी तालमीतला हाय. बोललो न्हाई का तुमाला?”

आम्ही सगळ्यांनी गड्याच्या पोटाकडे पाहिलं.

मी कोणत्याही थापेवर अर्धा तास रंगवून बोलू शकतो. गावची जत्रा, आखाड्यातली माती, शेवटच्या क्षणी मुरगळलेला गुडघा, सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. पण शब्द दिलेला, दंड पकडलेला, आणि मेव्हणा माझ्याकडे असा बघत होता की मी उघडलेल्या तोंडात पोह्यांचा घास कोंबला.

मेव्हण्याने बशी खाली ठेवली.

“कुस्त्या नाहीत काका,” तो म्हणाला. “मुली बघितल्या अकरा. सगळीकडून नकार आला. दाजींनी गमतीत लिहिलंय, पण आकडा खरा आहे.”

शेजारच्या फ्लॅटमध्ये कुकरची शिट्टी झाली. वडील कागदाकडे बघत राहिले, आई वडिलांकडे. मध्यस्थांना अचानक फोनमध्ये काम निघालं. माझ्या मनात आलं, संपलं. त्याने शेवटचं म्हणून ठेवलेलं स्थळ मी घालवलं, तेही गोल कोपरे कापून. बोलावं तर आणखी बिघडणार, उठावं तर बायकोने धरून ठेवलेलं. मेव्हणा खाली बघून शर्टाची बाही सारखी करत होता, दोनदा इस्त्री केलेली.

मुलीने हात लांब करून तो कागद स्वतःकडे ओढला. इतका वेळ ती विचारलं तेवढंच बोलली होती. तिने वरपासून वाचायला सुरुवात केली, अगदी चौकटीतली बारीक अक्षरंसुद्धा. बोट न ठेवता वाचत वाचत ती लढतींच्या ओळीपाशी आली, आणि आई हळूच तिचा गुडघा दाबत असताना तिच्या तोंडून निघून गेलं,

“अकराच? माझ्या एकोणीस झाल्यात.”