लाभ, दोन, तीन

आमच्या आईने कुठलीही मोजणी कधी 'एक' म्हणून सुरू केली नाही. गावी खळ्यात भात मोजायला बसलं की पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. घरात येणाऱ्या धान्याची सुरुवात चांगल्या शब्दाने व्हावी, एवढाच त्यामागचा विचार. बाकीचे लोक हे भातापुरतं ठेवतात. आईने ते सगळ्यालाच लावलं. कोंबडीची अंडी, झाडावरून उतरवलेले नारळ, माझ्या वेणीचे पेड आणि सुईवरचे टाके.

विणकाम तिला घाटावरून बदलून आलेल्या मास्तरांच्या बायकोने शिकवलं. आमच्याकडे थंडी म्हणजे जानेवारीतल्या आठ-दहा सकाळी. तेवढ्यासाठी लोकर नि सुया घेऊन बसणं हे गावाच्या लेखी नसतं खूळ होतं. आई विणत राहिली. वडिलांना कानटोपी, मला शाळेचा स्वेटर, आणि एका वर्षी तर ऐन थंडीत जन्मलेल्या वासराला पाठीवर घालायला झूल. वासराने ती दोन दिवसांत चघळून ठेवली. आईने उरलेली उसवली, धागे धुऊन दोरीवर वाळवले आणि त्यांचीच मांजरीला गादी विणली. लोकर विकत आणल्याचं मला फारसं आठवत नाही.

मी दहावीनंतर मुंबईला आले, घोडपदेवला आत्याकडे. शाळेच्या ऑफिसात नोकरी लागली, पुढे आत्या गेली, तिची खोली मला राहिली. लग्न झालं नाही, ते का झालं नाही हे सांगण्यात आता कोणाला गोडी नाही, मलाही नाही. भावंडं नाहीत. त्यामुळे वडील गेले आणि आई गावच्या घरात एकटी राहिली, तेव्हापासून माझ्या मागे जी धावपळ लागली ती लागलीच.

माझ्या मोबाइलवर मुंबईचं हवामान कधी नसायचं, गावचं असायचं. तिकडे वादळाची बातमी आली की इकडे मी फोन लावत बसायची. फोन लागत नाही, वीज नाही, आईची बातमी नाही. मग ऑफिसात तोंड वेंगाडून रजा मागायची, मिळेल त्या गाडीने उभ्याने जायचं, चिखल तुडवत घर गाठायचं, आणि बघावं तर आई पायरीवर विणत बसलेली. एका बाजूला कुत्रा, एका बाजूला मांजर. उडालेली कौलं तिने केव्हाच कोणाला तरी वर चढवून लावून घेतलेली.

"कित्याक इलंस गो?" ती विचारायची. कशाला आलीस? मला अशा वेळी तिचा फार राग यायचा. तिला काही झालेलं नाही याचा आनंद व्हायचं सोडून, एवढी धावले ती फुकट, याचाच राग.

मग एका पावसाळ्यात ती खळ्यातल्या शेवाळावरून घसरली आणि मनगट मोडलं. या वेळी मी तिचं काही ऐकलं नाही. कुत्रा शेजारच्या काकींकडे ठेवला, मांजर टोपलीत घातली आणि दोघींना चाळीत घेऊन आले.

मांजर चार दिवसांत मुंबईकर झाली. आमच्या मजल्यावर तिसऱ्या खोलीत मासे विकणाऱ्या बाई राहतात, मांजरीने आपलं घर तेच ठरवलं. आमच्याकडे ती पाहुणीसारखी यायची, तोंड दाखवायची, जायची. आईचं तसं झालं नाही. हात सुधारल्यावर ती गॅलरीत स्टूल टाकून विणायला बसू लागली, पण तिचं सगळं ध्यान तिकडे. सकाळी सात वाजता काकींना फोन. पाऊस किती, वारा कुठला, धुक्याने मोहर करपला का. मग ती बातमी ती सगळ्या मजल्याला ऐकवायची. घोडपदेवात कडक ऊन पडलेलं असताना शेजारची माणसं आईला विचारायची, "काय आजी, आज पाऊस काय म्हणतोय?" आणि आई त्यांना गावचा पाऊस सांगायची.

सुईवर तेव्हा कुत्र्याचा स्वेटर होता. कुत्रा म्हातारा झालाय, त्याला आता थंडी सोसत नाही, असं तिचं म्हणणं. माझ्या शाळेच्या स्वेटरची लोकर शेवटी त्याच्या नशिबी आली. माप फोनवरून घेतलं. काकींनी कुत्र्याला धरून पाठ तीन वीत आणि गळा दोन वीत असं कळवलं. काकींची वीत कुठली पुरी, यावर दोघींची चांगली पंधरा मिनिटं जुंपली. मागे कुत्रा कंटाळून केकाटत होता.

"तेका मी हय बसान कसो घालतलंय?" फोन ठेवून आई म्हणाली. इथे बसून त्याला घालू कसा? "माका घराक न्हे."

मला घरी ने, हे ती रोज म्हणायची. जेवताना, वेणी घालताना, मी ऑफिसातून येऊन चप्पल काढते न काढते तोच. मी कधी समजावलं, कधी ओरडले. मनगट बरं झालं होतं, पण मधे दोनदा तिने गॅसवर दूध ठेवलं नि विसरली. तेवढं कारण मला पुरलं. "डोक्याच्या डॉक्टरांना दाखवू," मी म्हटलं. "ते हो म्हणाले की नेते." आईने लगेच मान डोलावली.

पुढच्या वर्षी जुलैत परळच्या एका मोठ्या रुग्णालयात नंबर लागला. डॉक्टर तरुण होता, गोड बोलणारा. त्याने आईला आधी विचारलं, "आजी, आता कुठला ऋतू चालू आहे?"

"हयलो काय थंयलो?" आईने विचारलं. इथला की तिथला?

त्याने काहीतरी लिहिलं. मग टेबलावर लाकडी काड्या पसरल्या. "या मोजा बघू."

"लाभ, दोन, तीन..."

"आजी, नीट. पहिल्यापासून."

आईने काड्या परत एकत्र केल्या आणि पुन्हा एकेक बाजूला सारू लागली. "लाभ. दोन. तीन."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. "शब्द असे आधीपासून चुकतात का?"

एका वाक्याचं काम होतं. साहेब, ती चुकत नाहीये, आमच्याकडे असंच मोजतात. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात मला ती उडालेली कौलं, बंद फोन, उभ्याने केलेले ते प्रवास, सगळं आठवलं. हे सगळं पुन्हा करायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. बावन्न वर्षांची झाले होते, गुडघे बोलायला लागले होते. मी खाली फरशीकडे बघत बसले. डॉक्टरने माझं उत्तर हो असंच धरलं.

"यांना एकटं ठेवू नका," तो म्हणाला. "सहा महिन्यांनी परत बघू."

टॅक्सीत आई खिडकीबाहेर बघत होती. रडली असती, भांडली असती तर बरं वाटलं असतं. घरी येऊन तिने हातपाय धुतले आणि विणायला घेतलं.

त्या दिवसापासून तिने घराक न्हे म्हणणं सोडलं. मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याबरोबर तिने मोठ्याने मोजणंही सोडलं. ओळ संपली की ती टाक्यांवरून बोट फिरवायची, ओठ नुसते हलायचे. विचारलं तर म्हणायची, "काय नाय." मी धास्तावले. डॉक्टर म्हणत होता ते खरंच होत चाललंय की काय? की मी गप्प राहून ते ओढवून घेतलं? ऑफिसात फायली लावता लावता माझा हात थांबायचा. तिला पुन्हा एकदा लाभ म्हणताना ऐकू दे, एवढंच मला हवं होतं.

जानेवारीत मुंबईला चार दिवस थंडी म्हणावी अशी हवा पडली. मजल्यावर सगळे खोकत होते आणि खूश होते. कुत्र्याचा स्वेटर गळ्यापर्यंत आला होता, फक्त टाके बंद करायचे राहिले होते. तो पिशवीत घालूनच आई रुग्णालयात आली.

"ऋतू कुठला, आजी?"

"हिवाळो," आई म्हणाली. इथला की तिथला, काही नाही.

काड्या पुढे आल्या. आईने पहिली काडी बाजूला सारली.

"एक," ती म्हणाली. "दोन, तीन, चार..." बारापर्यंत, न अडखळता.

डॉक्टरला मनापासून आनंद झाला. "अरे वा! मागच्यापेक्षा खूपच फरक आहे," तो मला म्हणाला. जन्मात माझ्या आईच्या तोंडून मोजणीचा एक निघाला नव्हता. आता निघाला म्हणजे ती गेलीच, खळं गेलं, वडील गेले, तिच्या आतलं सगळं पुसलं गेलं, आणि हा माणूस त्याला सुधारणा म्हणतोय. माझे डोळे भरून आले. घरी न्यायला हरकत नाही, असं काहीसं तो बोलत होता.

बाहेर गर्दीत आम्हाला एक बाक मिळाला. आई बसली, पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळली.

"बरोबर सांगलंय मा?"

मी डोळे पुसले.

"तेका लाभ कळना नाय," ती म्हणाली. "मागच्या खेपेक तू गप रवलंस. मगे मीच एक शिकलंय." तिच्या आवाजात राग नव्हता. "सहा महिने मनातल्या मनात घोकलंय. आता घराक न्हेतलंस मा?"

सहा महिने ती गॅलरीत बसून ओठ हलवत होती ते हे होतं. मी विसराळूपणा म्हणत होते, आणि ती माझ्यासमोर बसून अभ्यास करत होती. मला तिचे पाय धरायचे होते. चारचौघांत ते जमलं नाही. तोंडातून एवढंच निघालं, "शनिवारी निघू."

आईने मान डोलावली. पिशवीतून स्वेटर काढला, सुई हातात घेतली आणि कुत्र्याच्या गळ्याचे टाके बंद करायला सुरुवात केली.

"लाभ," ती मोठ्याने म्हणाली.